अगदी स्वस्त स्मार्टफोन घ्यावा काय?

(महोत्सवानिमित्त केशवापूर येथे भरलेल्या सभासदांच्या सभेतील भाषण)



महोत्सवी वर्षात आपल्या संस्थेने गरजू विद्यार्थ्यांना व एकट्या राहणाऱ्या भगिनींना स्मार्टफोन द्यावेत, अशी सूचना आली आहे. सूचनेविषयी दुमत नाही. दुमत आहे ते फोन कोणता द्यावा याविषयी. तीन लाख रुपयांत सहा हजारांचे पन्नास फोन येतात आणि दहा हजारांचे तीस. पन्नास घरांत आनंद व्हावा की तीस घरांत, असा हा सरळ हिशेब दिसतो, आणि हिशेब इतका सरळ असल्यामुळेच पुष्कळांचा कौल पन्नासांकडे आहे. आमचा तसा नाही. तो का नाही, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

फोन ही चैन आहे काय, या वादात आम्ही शिरत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर भरावा लागतो, आधारचा सांकेतिक अंक फोनवरच येतो, गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा झाल्याची वार्ताही फोनवरच कळते. ज्याच्या घरी फोन नाही त्याला दर वेळी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा फोन नसलेल्या मुलांसाठी कर्नाटक सरकारला विद्यागम योजना काढून शिक्षकांना वस्त्यावस्त्यांत पाठवावे लागले, हे आपण पाहिले आहे.

आता स्वस्ताईकडे वळू. स्वस्ताईच्या मोहाचे टोक आपल्या देशाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पाहिले. नोएडाच्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ हा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देऊ केला. मागणी नोंदविण्यास लोकांची अशी झुंबड उडाली की संकेतस्थळच कोलमडले. पत्रकारांना दाखविलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले निघाले. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी तत्काळ शंका प्रकट केली होती. अशा फोनच्या नुसत्या सुट्या भागांचाच खर्च त्या काळी दोन हजारांच्या वर जातो, हे या धंद्यातील माणसे कंठरवाने सांगत होती. तरी लाखो लोकांनी नावे नोंदविली. त्यांना मूर्ख म्हणण्यात काही अर्थ नाही. गरज मोठी आणि खिसा लहान असला की माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवतो.

आज बाजारात मिळणारा सहा हजारांचा फोन ही काही तशी फसवणूक नव्हे. दुकानदार पावती देतो, कंपनी एक वर्षाची हमी देते, फोन लागतोही. परंतु किंमत कमी करावयाची म्हणजे कोठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो कोठे आखडला आहे हे डब्यावरच्या चित्रात दिसत नाही. भगिनींना सहज समजावे म्हणून आम्ही स्वयंपाकघराचा दाखला देतो. फोनची मेमरी, जिला रॅम म्हणतात, तो ओटा. आणि साठवण म्हणजे कोठीची खोली. दोन जीबीचा ओटा इतका अरुंद असतो की त्यावर फोनची स्वतःचीच शेगडी आणि पाट-वरवंटा मांडले की पोळपाटाला जागा उरत नाही. बँकेचे ॲप उघडावे तर व्हॉट्सॲप मिटते. सांकेतिक अंक पाहण्यास संदेश उघडावा तर बँकेचे पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तोवर अंकाची मुदत संपलेली असते. कोठीची स्थिती निराळी नाही. ३२ जीबीतील मोठा भाग फोनच गिळतो. उरलेली जागा आपल्या नातेवाइकांच्या सुप्रभाताच्या चित्रांनी महिना-दोन महिन्यांत भरते. (हे नातेवाईक कोण, ते सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.)

शिवाय अशा फोनला पुढील सुधारणा फार दिवस मिळत नाहीत. २०१७ साली दीड हजारांच्या अनामतीवर मिळालेला जिओफोन पुष्कळ घरांत आला. त्यावर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि २०२५ च्या आरंभी गेलेही. त्याच सुमारास अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीवरील जुन्या फोनांतूनही ते बंद झाले. हातातला फोन धडधाकट, परंतु ज्या कामासाठी तो घेतला ते काम मात्र तेथे होत नाही. पुढे काच फुटली की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच फोन घ्यावयाचे म्हणतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे जुने बोल आज कोप्पीकर रोडवरच्या दुकानांतून रोज खरे होत असतात.

परंतु आम्हांस खरे सांगावयाचे आहे ते महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांविषयी, कारण तेथे फोन घेणारा एक आणि वापरणारा दुसरा होता, आणि आपली संस्थाही तोच व्यवहार करू पाहत आहे. २०१९ च्या सुमारास पोषण अभियानाखाली राज्यातील सुमारे एक लाख सेविकांना सरकारी फोन मिळाले. त्यांची मेमरी दोन जीबीची. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले. बालकांची वजने, उंची, आहार, सारे त्यात भरावयाचे. फोन तापू लागले, अडकू लागले. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडू लागला, त्यांचे मानधन किती ते आपण जाणता. त्यात ॲप इंग्रजीत. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी गावोगावच्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. फुकट मिळालेली वस्तू हजारो बायका रांगा लावून परत करतात, हे दृश्य कोणाही दात्याने डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. देणाऱ्याच्या कागदावर फोन दिल्याची नोंद झाली होती. काम मात्र सेविकेलाच रात्री घरी बसून, कधी मुलाच्या फोनवर, पुरे करावे लागत होते.

येथे कोणी म्हणेल, अगदीच नसण्यापेक्षा काहीतरी असणे बरे. हे म्हणणे आम्ही सर्वस्वी नाकारीत नाही. घरात एक चांगला फोन आहे आणि दुकानावर पैसे आल्याचे पाहण्यास दुसरा हवा आहे, तर हलका फोन खुशाल घ्यावा; तो बिघडला तर काही अडत नाही. परंतु आपण ज्यांना देणार त्यांच्या घरी दुसरा फोन नाही. तोच अर्जाचा, तोच अभ्यासाचा, तोच दवाखान्याचा. संपन्न माणसाचा फोन बंद पडला तर तो बायकोचा घेतो. या घरांत तसे करता येत नाही. म्हणजे ज्याला अगदी स्वस्त फोन विकला जातो, नेमक्या त्याच माणसाला न बिघडणाऱ्या फोनची गरज सर्वांत अधिक असते. म्हणून आमचा कौल तिसांकडे आहे: चार जीबी मेमरी, चौसष्ट जीबी साठवण, आणि ज्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र हुबळीतच आहे तिचाच फोन. याहून खाली उतरू नये.

ज्या वृद्ध भगिनींना केवळ बोलावयाचे आहे त्यांच्या गळ्यात स्मार्टफोन बांधू नये. त्यांना बटणांचा साधा फोन पुरे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केल्यापासून अशा फोनवरूनही पैसे देता येतात, आणि एकदा भारित केला की तो दोन-तीन दिवस चालतो.

आता उरलेल्या वीस घरांचे काय? त्यांना पुढल्या वर्षी या म्हणून सांगणे आम्हांस रुचत नाही. नव्या हलक्या फोनपेक्षा चांगल्या कंपनीचा दोन-तीन वर्षांचा जुना फोन पुष्कळदा अधिक काम देतो, आणि असे फोन आपल्याच सभासदांच्या कपाटांत पडून आहेत. दसरा-दिवाळीला नवा घेतला की जुना खणात जातो. ते फोन संस्थेला द्यावेत. नवी बॅटरी संस्थेने घालून द्यावी. तो खर्च नव्या फोनच्या मानाने थोडा आहे. बाजारातून जुना फोन घेण्याचा प्रसंग आलाच तर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबून पंधरा आकडी क्रमांक पाहावा, आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे व तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. क्रमांक खरा आहे की नाही, फोन चोरीचा म्हणून अडविलेला आहे काय, ते कळते. २०२३ पासून हीच सोय सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही आहे.

सभासदांनी आपले फोन येत्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कार्यालयात आणून द्यावेत. देण्यापूर्वी त्यातील आपली छायाचित्रे व बँकेची खाती पुसून टाकावीत. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी आपली तरुण मंडळी रविवारी सकाळी कार्यालयात बसतील. सोबत चार्जर आणि सापडल्यास पावती आणावी.