तेल, हायड्रोजन आणि निकेल

भोपाळहून सीहोरकडे वा विदिशेकडे पावसाळ्यात निघालेल्या प्रवाशाला दुतर्फा सोयाबीनची शेते दिसतात. भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेत या दाण्याच्या खाद्यपदार्थांवर पुष्कळ काम झाले आहे. परंतु सोयाबीनचे तेल पातळ. हलवायाला हवे असते घट्ट, दाणेदार तूप.

पातळ तेलाच्या रेणूंत काही जागी दुहेरी बंध असतात. तेथे हायड्रोजन जोडला की तेल घट्ट होते. नुसता वायू सोडून मात्र हे घडत नाही. १८९७ साली फ्रेंच रसायनज्ञ साबात्ये यांना निकेलचा गुण आढळला. १९०२ साली जर्मनीत नॉर्मान यांनी तो द्रवरूप तेलांस लावला. आपल्याकडे १९३७ साली ‘डालडा’ आला, तो याच मार्गाने.

निकेलच्या बारीक भुकटीवर प्रत्यक्षात काय घडते? हायड्रोजनचा रेणू तिच्या पृष्ठास चिकटतो आणि फुटून त्याचे दोन अणू होतात. तेलाचा रेणूही आपला दुहेरी बंध टेकवून तेथेच बसतो. यालाच अधिशोषण म्हणतात. शोषण नव्हे, टिपकागदात शाई मुरते, तसे येथे काही मुरत नाही, सारा व्यवहार पृष्ठावरचा. जागा मोजक्या असल्याने चढाओढ लागते. तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल अधिक घट्ट धरून बसते, म्हणून त्याचा क्रम आधी लागतो. गंधकाची संयुगे आणि कच्च्या तेलातील चिकट फॉस्फेटाइडे मात्र जागा अडवून बसतात ती उठतच नाहीत. सोयाबीनच्या तेलात ही फार; म्हणून ते आधी धुऊन निर्मळ करावे लागते.

होरिउती आणि पोलान्यी यांनी १९३४ साली दाखविले की हायड्रोजनचे अणू एकेक करून जोडले जातात. खरी गोम येथेच आहे. हायड्रोजन तेलात फारच थोडा विरघळतो. पहिला अणू जोडला गेला आणि दुसरा जवळ नसला, तर रेणू एक अणू परत टाकून निसटतो. निसटताना त्याचा दुहेरी बंध कधी जागा बदलतो, कधी उलट बाजूस वळतो. हाच तो ट्रान्स मेद. उष्णता वाढवली की तो वाढतो. दाब आणि ढवळणे वाढवले की घटतो. असले तूप टिकते, तळणीस सोयीचे पडते. सोय कारखानदाराची आणि भुर्दंड खाणाऱ्याच्या हृदयाला! १९९० साली डच संशोधकांनी त्याचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर होणारा अनिष्ट परिणाम दाखविला. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील ट्रान्स मेदास २ टक्क्यांची मर्यादा आहे.

दुहेरी बंध एकही शिल्लक ठेवला नाही, तर ट्रान्स मेदही उरत नाही. पण असे तेल मेणासारखे कठीण होते. म्हणून ते पातळ तेलात मिसळून दोहोंतील मेदाम्लांची अदलाबदल घडवतात आणि हवा तेवढा घट्टपणा आणतात.