फेकायला शिकवणारा मास्तर

(गणेशोत्सवातील भाषणाचे लिखित रूप)



विषय कळवला तेव्हा आपले चिटणीस म्हणाले, ‘‘बेसबॉल? आपल्याकडे कोण खेळतं हो?’’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच लखनौच्या गुरु गोविंद सिंह स्पोर्ट्स कॉलेजात भालाफेक शिकलेली दोन मुले 2008 साली अमेरिकेत बेसबॉल शिकायला गेली होती. भदोहीचा रिंकू सिंह आणि बनारसचा दिनेश पटेल. त्यांच्यावर 2014 साली ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा निघाला. संगीत ए. आर. रहमानचे, त्यामुळे काहींनी तो पाहिलाही असेल. सिनेमा मुलांचा आणि त्यांना शोधून काढणाऱ्या एजंटचा आहे. मला मात्र त्यात अधूनमधून दिसणाऱ्या त्यांच्या मास्तरांबद्दल बोलायचे आहे. त्यांचे नाव टॉम हाऊस. त्या वेळी ते लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पिचिंग कोच होते.

आपण सगळे क्रिकेटवाले, म्हणून आधी थोडा खुलासा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो धावत येत नाही. 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, कोपर वाकवून, 60 फूट 6 इंच अंतरावर चेंडू थेट फेकतो. टप्पा नाही. ताशी 90 मैलांचा चेंडू फलंदाजापर्यंत सेकंदाच्या साधारण चार दशांशात पोहोचतो. हे एका सामन्यात शंभरेक वेळा करायचे, म्हणजे खांद्याचे आणि कोपराचे काय होत असेल याचा विचार करा. 1974 साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातला तुटलेला अस्थिबंध डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध घालून दुरुस्त केला. ती शस्त्रक्रिया आज त्या खेळाडूच्या नावानेच ओळखली जाते, आणि अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या पोरांवरही करावी लागते. म्हणजे पिचिंग कोचच्या हाती दिलेली वस्तू नाजूक आहे.

हाऊस स्वतः डावखुरे पिचर. शिकले याच विद्यापीठात, आणि 1971 ते 1978 अशी आठ वर्षे अव्वल दर्जाच्या लीगमध्ये खेळले. 29 सामने जिंकले, 23 हरले. चेंडूला वेग बेताचाच. खेळाडू म्हणून त्यांचे नाव राहिले ते एका झेलामुळे. 8 एप्रिल 1974 रोजी अटलांटात हँक एरनने 715वी होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तो चेंडू मैदानाबाहेरच्या राखीव जागेत उभ्या असलेल्या हाऊस यांनी झेलला आणि धावत जाऊन एरनच्या हातात दिला. दुसऱ्याच्या पराक्रमाचा चेंडू नेऊन देणारा माणूस! पुढची सगळी कारकीर्द त्यात आधीच दिसते, असे मला उगीचच वाटते.

त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. 1985 ते 1992 ते टेक्सास रेंजर्स या संघाचे पिचिंग कोच होते. तिथे ते पिचरांना सरावासाठी अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो लांबट अंडाकृती चेंडू, फेकायला लावत. लोक हसले. पण त्यातली गोम आपल्या कॅरेज-वॅगनवाल्यांना लगेच कळेल. गोल चेंडू चुकीच्या पद्धतीने फेकला तरी जातोच. चूक दिसत नाही. लांबट चेंडू मात्र हात आणि खांदा बरोबर फिरला तरच सरळ फिरकी घेत जातो, नाहीतर हवेत लटपटतो. आपण चाकाची फ्लँज किती झिजली ते नजरेने ठरवत नाही, टायर डिफेक्ट गेज लावतो. त्यांनी मुलाच्या हातात गेजच दिला! कोचने ओरडायची गरज नाही, चेंडूच सांगतो.

दुसरे साधन कॅमेरा. जुने प्रशिक्षक ‘असे करा, तसे करा’ म्हणून जे सांगत, त्यातले पुष्कळसे उत्तम पिचर प्रत्यक्षात करतच नाहीत, हे वेगवान चित्रणावरून समजू लागले. मग हाऊस यांनी आपल्याच शिकवण्यातल्या गोष्टीही बदलल्या. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, ती ब्रेकची. चेंडू सुटल्यावरही हात त्याच वेगात पुढे जात असतो. त्याला थांबवतात ते खांद्याच्या मागचे स्नायू. ते कमजोर असतील तर शरीर पूर्ण वेग देतच नाही, किंवा देते आणि मोडते. गाडीला किती वेगाची परवानगी द्यायची हे इंजिनाच्या ताकदीइतकेच ब्रेकिंग अंतरावर ठरते, हे इथे वेगळे सांगायला नको.

सगळे गोड नव्हते. 1986 साली रेंजर्सच्या बॉबी विट या नव्या पिचरने 143 फलंदाजांना ‘वॉक’ दिले, म्हणजे नेम चुकून फुकट पहिल्या बेसवर पाठवले. टीकाकारांनी फुटबॉलकडे बोट दाखवले. मग 1989 साली नोलन रायन संघात आला, वय 42. त्याने हाऊस यांचा व्यायाम आणि फुटबॉल, दोन्ही मनापासून स्वीकारले. 1990 आणि 1991 साली, वयाच्या 43व्या आणि 44व्या वर्षी, समोरच्या संघाला एकही हिट न देता त्याने पूर्ण सामने टाकले. रायन तो रायनच, सगळे श्रेय कोचला देणे भाबडेपणाचे होईल. पण 1999 साली हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने हाऊस यांचे आभार मानले, हेही खरे.

आणखी एक गोष्ट. 2005 साली हाऊस यांनी उघड सांगितले की खेळाडू असताना आपण स्टेरॉइड घेतली होती. वजन वाढले, गुडघे बिघडले. एवढे नाव झाल्यावर हे सांगायची सक्ती कोणी केली नव्हती. ज्यांच्या घरी जिमला जाणारी मुले आहेत, त्यांनी डब्यातली पावडर कुठून येते ते एकदा पाहावे.

आता आपली मुले. भारतात झालेल्या त्या स्पर्धेत सुमारे 37 हजार जणांनी चेंडू फेकला. ट्रकचालकाच्या घरातल्या रिंकूने ताशी 87 मैल वेग गाठून एक लाख डॉलर जिंकले. दोघांना ना इंग्रजी येत होते, ना बेसबॉल. हाऊस यांना मिळाले फार तर सहा महिने. भाल्यामुळे खांदे तयार होते. उंचवट्यावर तोल कसा धरायचा, पाय कुठे टाकायचा, शंभर वेळा तेच कसे करायचे, हे सगळे नवे. 24 नोव्हेंबर 2008 रोजी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. 13 जुलै 2009 रोजी रिंकूने कनिष्ठ लीगमध्ये सामना जिंकला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलमध्ये विजय मिळवणारा तो पहिला भारतीय. सर्वोच्च लीगपर्यंत मात्र दोघेही पोहोचले नाहीत. दिनेशला 2010 च्या अखेरीस संघाने मोकळे केले, तो घरी परतला. रिंकू 2012 नंतर दुखापतींत अडकला, आणि 2018 साली व्यावसायिक कुस्तीकडे गेला. सिनेमा करार होतो तिथे संपतो, म्हणून हे सांगितले.

हाऊस पुढे टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीझ अशा फुटबॉलच्या बड्या खेळाडूंनाही फेकायला शिकवू लागले. आम्हा डिप्लोमावाल्यांचे आयुष्य दरवर्षी नवे अप्रेंटिस हाताळण्यात जाते. त्यातला एखादा उद्या आमचा साहेब होऊन येतो. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपलेपणा वाटतो, हे तुम्ही ओळखले असेलच.

येताना बेसबॉलचा एक चेंडू आणला आहे, टेबलावर ठेवतो. 108 दुहेरी टाके आहेत, हवे तर मोजा. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका लागेल. मुलांनी हातात जरूर घ्यावा, फक्त समयांच्या दिशेने कोणी फेकू नये. आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा थांबतो.