श्रम सरले, व्यायाम हवा

वसईच्या खाडीकाठचे नायगाव हे एकेकाळी अंगमेहनतीचे गाव होते. मिठागरात बांध घालणारा व मिठाच्या राशी रचणारा आगरी, होडीतून जाळे ओढणारा कोळी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी कोळीण आणि वाडीत राबणारा बागायतदार यांना व्यायामाची वेगळी शिकवण कोणी दिली नव्हती. तशी गरजही नव्हती. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अतिश्रमाने व अपुऱ्या अन्नाने शरीरे झिजतही असत. परंतु शरीराला आवश्यक असलेली हालचाल रोजच्या कामातूनच घडत असे.

आज चित्र पालटले आहे. मिठागरांच्या परिसरात उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. सकाळी नायगाव स्थानकात लोकल गाठावयाची, दिवसभर खुर्चीत बसावयाचे आणि रात्री थकून परतावयाचे, हा असंख्य कुटुंबांचा दिनक्रम झाला आहे. ‘एवढी दगदग होते, मग निराळा व्यायाम कशाला?’ असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. परंतु दगदग आणि व्यायाम या भिन्न गोष्टी आहेत. गर्दीत ताटकळल्याने माणूस शिणतो. हृदयाला मात्र त्यातून पुरेसे काम मिळत नाही.

या संदर्भात लंडन येथे झालेली एक पाहणी उद्बोधक आहे. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याची चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढील अनेक संशोधनांनी हालचाल व हृदयाचे आरोग्य यांचा संबंध दृढ केला.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर वापरतात. नियमित व्यायामाने रक्तदाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते, हाडे बळकट राहतात, झोप सुधारते आणि मनावरील ताण हलका होतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहारावर नियंत्रण ठेवून रोज सुमारे अर्धा तास भरभर चालण्यासारखी हालचाल केली, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. यासाठी कोणतेही महागडे साधन लागले नाही, हे विशेष होय.

तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. स्त्रियांना उसंत मिळत नाही, आणि मिळाली तरी निर्धास्तपणे चालता येईल असा रस्ता नसतो. हा केवळ वैयक्तिक आळसाचा प्रश्न नव्हे, याची जाणीव सर्वांनी ठेवली पाहिजे.

मग किती व्यायाम करावा? प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, असा हा हिशेब आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मुलांना रोज सरासरी तासभर खेळ व हालचाल हवी. वृद्धांनी तोल सांभाळण्याच्या व्यायामाकडे लक्ष द्यावे. हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याने व हळूहळू आरंभ करावा.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत रुजविले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. वसई-विरारमध्येही २०११ पासून मॅरेथॉन भरू लागली. उत्सवाने उत्साह येतो. आरोग्य मात्र रोजच्या सवयीने लाभते. जूचंद्र येथील चंडिकादेवीच्या टेकडीच्या पायऱ्या नेमाने चढणाऱ्याला स्पर्धेच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही.

येथेच शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांचे कर्तव्य सुरू होते. शिक्षकांनी खेळाचा तास अन्य विषयांसाठी खर्ची घालू नये. शक्य तेथे शाळेचे मैदान सायंकाळी गावासाठी खुले व्हावे. स्थानिक संस्थांनी मोकळ्या जागा राखाव्यात, तसेच पायवाटा व त्यांवरील दिवे यांसाठी तरतूद करावी. दवाखान्यासाठी जागा मागणाऱ्या गावाने चालण्यासाठीही जागा मागितली पाहिजे. पूर्वीच्या पिढ्यांना जे पोटासाठी करावे लागले, ते आता आरोग्यासाठी समजून करावयाचे आहे. आणि त्याचा आरंभ उद्याच्या सकाळी, घराच्या उंबरठ्यापासून होऊ शकतो.