घराण्याची राखीव जागा

(बुद्धविहारातील सभेत केलेले भाषण)



राखीव जागेवर महाविद्यालयात गेलेल्या आपल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ऐकावा लागतो : "तुझी लायकी काय?" मुलगा मान खाली घालतो. ती मान खाली जाण्याचे काहीएक कारण नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. जन्माची आणि थैलीची राखीव जागा आपल्या राखीव जागेहून पुष्कळ जुनी आहे. फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही.

गुणवत्तेचा डंका जेथे मोठ्याने वाजतो त्या अमेरिकेचेच उदाहरण घ्या. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पाठीशी घराणे नव्हते. विद्येची भूक होती. पुढे १९२० च्या दशकात तेथील नामांकित विद्यापीठांना चिंता पडली की, केवळ परीक्षेवर प्रवेश दिले तर ज्यूंची मुले फार येतात. तेव्हा 'चारित्र्य' आणि घराणे यांच्या कसोट्या निघाल्या व माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळू लागले. आज जिला परंपरा म्हणतात तिचा उगम असा बहिष्कारात आहे. बहिष्कार म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात सहा वर्षांचे आकडे उघड झाले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. इतरांपैकी सुमारे ६ टक्क्यांना. त्याच खटल्यात २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, प्रवेश देताना वंशाचा विचार करून कृष्णवर्णीयांना मिळणारे साहाय्य बेकायदेशीर ठरविले. वारसांच्या झुकत्या मापाला त्या निकालाचा धक्काही लागला नाही. त्याच वर्षी राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, परीक्षेचे गुण सारखे असतानाही अतिश्रीमंत एक टक्का घरांतील मुलाला अशा विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक संधी मिळते. मग लायकीचा प्रश्न नेमका कोणाला विचारावयाचा?

यावर उत्तर देण्यात येते की, धनिकांच्या देणग्यांतूनच गरिबांच्या शिष्यवृत्त्या निघतात. हा युक्तिवाद टिकत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१४ साली वारसांची सवलत बंद केली. तरीही २०१८ साली मायकेल ब्लूमबर्ग या माजी विद्यार्थ्याने त्याच विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्यासाठी १८० कोटी डॉलर दिले. दान देणारा दान देतो. जागा मागणारा सौदा करतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा करून खाजगी महाविद्यालयांतही वारस आणि देणगीदार यांच्या सवलतीला मनाई केली.

आपल्या देशातही हा सौदा आहे. २००५ सालच्या इनामदार खटल्याच्या निकालाने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा मिळाली. २०२४ साली पंजाब सरकारने या जागांत दूरच्या नातेवाइकांनाही बसविण्याचा घाट घातला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यास फसवणूक म्हटले. अशा जागेवर आलेल्या मुलाला मात्र वर्गात कोणी त्याची लायकी विचारीत नाही.

मनुष्य जन्माने श्रेष्ठ वा हीन ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण. ती दुसऱ्यांना ऐकविणे सोपे आहे; पण आता आपल्यातही अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर झाले आहेत. उद्या आपल्या मुलासाठी कोणी ओळखीचे वा देणगीचे मागचे दार उघडील, तेव्हा आपली परीक्षा आहे. घटनेने दिलेला हक्क हा जातीच्या अन्यायावरील उपाय आहे. तो ताठ मानेने घ्या. चिठ्ठी आणि थैली यांवर मिळणारी जागा मात्र दुसऱ्या कोणा गरिबाच्या मुलाची असते, ती नाकारा. असे वागलात, म्हणजे "तुझी लायकी काय?" या प्रश्नाला तुमची मुले डोळ्याला डोळा देऊन उत्तर देतील.

जय भीम!