खारा वारा, जुनी गाडी आणि मालकाचा हक्क

(सुरत येथे मराठीभाषक वाहनमालक, चालक व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. गाडीच्या पत्र्याला चढलेला गंज आणि कारखान्यातूनच गाडीत राहून गेलेला दोष यांवर बोलण्यासारखे असे काय असणार, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका जुन्या जीपवर अगर बोलेरोवर चालतो, ज्या गाडीतून रोज कामगार पाळीवर जातात आणि शाळकरी मुले शाळेत जातात, त्या गाडीचा पत्रा हा केवळ पत्रा राहत नाही. तो पोटाचा आणि प्रसंगी प्राणांचा प्रश्न होतो. म्हणूनच या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

आपली ही भूमी तापीच्या मुखाजवळची. खानदेशातून वाहत आलेली तापी हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. खानदेशातून सुरतेस येणारा महामार्गही हजीऱ्यासच जाऊन संपतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. याच नदीच्या आणि याच रस्त्याच्या आधाराने धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील हजारो मराठी कुटुंबे सुरतेत येऊन स्थिरावली. हजीऱ्यास खताचा, वायूचा व पोलादाचा मोठा उद्योग उभा राहिला आणि त्या उद्योगाच्या वाटेवर आपल्या माणसांच्या गाड्या धावू लागल्या. दिनांक ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजीरा ते घोघा ही वाहने वाहून नेणारी जहाजसेवा सुरू झाली आणि त्यामुळे गाड्या प्रत्यक्ष समुद्रावरूनही जाऊ लागल्या. ज्या गावी पोलाद तयार होते, त्याच गावचा वारा पोलाद खातो, हा येथला विरोधाभास आहे.

असे का होते, ते थोडक्यात पाहू. लोखंड गंजण्यास दोन गोष्टी लागतात : पाणी आणि हवेतील प्राणवायू. या दोहोंत मीठ मिसळले की गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो, कारण मिठाच्या पाण्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि लोखंडाची झीज त्या प्रवाहामुळेच होत असते. शिवाय मीठ हवेतील ओलावा स्वतःकडे ओढून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही समुद्रकाठची गाडी पहाटे ओलसर राहते. गंज हा लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि तो सच्छिद्र असतो. म्हणून तो रंगाला आतून फुगवितो, फोडतो आणि खालच्या निरोगी धातूपर्यंत पाण्याला वाट करून देतो. रंगावर दिसणारा फुगवटा ही रोगाची सुरुवात नसते. रोग आत पुष्कळ पसरल्यावरच तो बाहेर दिसू लागतो.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. खिळे आणि परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण वर्गात करीतच असाल. एका नळीत कोरडी हवा, दुसरीत उकळून तेलाचा थर दिलेले पाणी आणि तिसरीत साधे पाणी. त्यांच्या शेजारी मिठाचे पाणी असलेली चौथी नळी ठेवावी आणि पाचव्या नळीत त्याच पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा सोडावा. जस्त स्वतः झिजते, पण लोखंडास वाचविते. हे तत्त्व नवे नाही. सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ च्या सुमारास इंग्रजी आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी अशाच झिजणाऱ्या धातूचा उपाय सुचविला होता. मुले हा प्रयोग पाहून घरी जातील, तेव्हा वडिलांच्या गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय राहणार नाहीत.

आता गाडीकडे वळू. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांत खाली वेगळा सांगाडा असतो. मिस्त्री त्याला चासी म्हणतात. वरचे शरीर त्यावर बसविलेले असते. अशा गाडीचे दार गंजले तर शोभा जाते, पण चासी गंजली तर गाडीचा कणाच जातो. ही चासी बहुधा पोकळ पेटीसारखी असते. तिच्या भोकांतून पाणी व चिखल आत शिरतो आणि बाहेरून रंग शाबूत असतानाही ती आतून पोखरली जाते. काही नव्या पद्धतीच्या गाड्यांत वेगळी चासी नसतेच, सारे शरीर हाच सांगाडा असतो. तेथे दाराखालचा उंबरठा गंजणे ही केवळ शोभेची बाब राहत नाही, गाडीचे बळच तेथे असते.

म्हणून तपासणी करताना दृष्टी बॉनेटवर न ठेवता खाली ठेवावी. पाटे व त्यांचे आधार, चाकांच्या कमानींचा आतला भाग, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, सीटपट्टा जेथे बोल्टाने बसविलेला असतो ती जागा, इंधनाची टाकी बांधणारे पट्टे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळ्या. या नळ्या चासीच्या कडेने जातात आणि चिखलाखाली दडलेल्या असतात. नळीला सुईएवढे भोक पडले तरी जोराने ब्रेक दाबताच तेल बाहेर येते. गाडी थांबणार की नाही, हे मग त्या सुईएवढ्या भोकावर ठरते.

गंज आढळला म्हणजे आपल्याकडे एक सोपी रीत आहे. पुट्टी भरावी, वरून रंग मारावा आणि गाडी नव्यासारखी दिसली की समाधान मानावे. वरून कीर्तन, आतून तमाशा, असा हा प्रकार होय. खरी दुरुस्ती करावयाची तर गंज घासून चकाकणाऱ्या धातूपर्यंत पोचले पाहिजे. जेथे पत्रा पोखरला असेल तेथे तो निरोगी भागापर्यंत कापून नवा पत्रा जोडला पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग व जस्त जळून जाते, म्हणून जोडाच्या आतील बाजूसही गंजरोधक थर दिला पाहिजे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि इंधनाच्या टाकीजवळ काम असल्यास टाकी उतरवावी. चासीवरील वेल्डिंग कोपऱ्यावरच्या कोणत्याही दुकानात करवून घेऊ नये. ते जाणत्या कारागिराचेच काम आहे. त्याचप्रमाणे घासताना चासी क्रमांकास हात लावू नये. तो क्रमांक पुसला गेला तर पुढे नोंदणीच्या वेळी मालकावरच संशय येतो.

गाडीखाली जुने काळे तेल फासण्याची चालही बरीच रूढ आहे. त्याने गंज काही काळ लांबतो हे खरे, परंतु रबरी भाग खराब होतात, ते तेल ब्रेकपर्यंत गेले तर घात होतो आणि जमीनही नासते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग धुणे, दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके मोकळी ठेवणे, मॅट उचलून वाळविणे आणि ओल्या गाडीवर ताडपत्री न घालणे, एवढे केले तरी गाडीचे आयुष्य पुष्कळ वाढते. जहाजातून उतरलेली गाडी तर त्याच दिवशी धुवावी.

येथवर मालकाची जबाबदारी सांगितली. आता त्याच्या हक्काची गोष्ट सांगतो.

गाडीत काही दोष असे असतात की ते वापरामुळे येत नाहीत, कारखान्यातूनच आलेले असतात. असे दोष ध्यानात आल्यावर कंपनी त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून देते. यास इंग्रजी शब्दाने आपण रिकॉल म्हणतो. आपल्या देशात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने यासाठी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने शेवरले टवेरा या १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. त्या धुराच्या प्रमाणाशी संबंधित होत्या. २०१७ च्या अखेरीस या कंपनीने भारतातील विक्री बंद केली. यावरून बोध एवढाच घ्यावयाचा की परत बोलावणीचे काम लांबणीवर टाकू नये. उद्या कोणती कंपनी बाजारात राहील, हे सांगता येत नाही.

पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यान्वये केंद्र शासनास मिळाला. अशा वेळी उत्पादकाने गाडीची पूर्ण किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी अथवा दोष दुरुस्त करून द्यावा, अशी तरतूद आहे. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सक्तीच्या परत बोलावणीत गाड्यांच्या प्रकारानुसार व संख्येनुसार उत्पादकास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे. तथापि ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहे. याचा अर्थ असा की गाडी नवी असतानाच तक्रार नोंदविली पाहिजे. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार कोठेच मोजली जात नाही. केंद्रीय परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर केलेली तक्रार मोजली जाते, आणि पुरेशा तक्रारी जमल्या म्हणजे चौकशीचे चक्र फिरू लागते.

आपण विचाराल की गंज आणि परत बोलावणी यांचा संबंध काय ? संबंध फार जवळचा आहे. गंज हा नेहमीच मालकाच्या हयगयीमुळे येतो असे नाही. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या टॅकोमा, टुंड्रा व सेक्वोया या गाड्यांच्या चासी अकाली गंजल्या. गंजरोधक थर पुरेसा दिला नव्हता, असा मालकांचा दावा होता. २०१६ साली झालेल्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्यांची तपासणी आणि छिद्र पडलेल्या चासी बदलून देण्याचे ठरले. तेथे हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. येथे तेच मीठ वाऱ्याबरोबर येते. एकाच गाडीस एकाच जागी गंज चढला तर तो योगायोग म्हणता येईल, परंतु एकाच वर्षाच्या अनेक गाड्या एकाच जागी गंजल्या तर तो कारखान्याचा प्रश्न होतो. मात्र तो तसा आहे हे कळण्यासाठी मालकांनी एकमेकांशी बोलले पाहिजे, छायाचित्रे व पावत्या जपल्या पाहिजेत आणि लेखी तक्रार केली पाहिजे.

दुसरे उदाहरण टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे. या पिशव्या फुगविण्यासाठी वापरलेले रसायन उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने बिघडत असे आणि अपघाताच्या वेळी धातूची डबी फुटून तिचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. यात जगभर माणसे मेली आणि कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही होंडाच्या सी.आर.व्ही. धरून अनेक गाड्या त्यांत होत्या. जेथे हवा उष्ण आणि दमट तेथे धोका अधिक, हे या प्रकरणात सिद्ध झाले, आणि हजीऱ्याची हवा तशीच आहे.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. कंपनीचे पत्र जाते ते तिच्या दप्तरी नोंद असलेल्या मालकास, म्हणजे बहुधा पहिल्या मालकास. गाडी दुसऱ्या वा तिसऱ्या हाती गेली म्हणजे पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि धोका मात्र नव्या मालकाच्या दारात उभा राहतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत अगर संकेतस्थळावर चौकशी करावी की या गाडीचे परत बोलावणीचे एखादे काम राहिले आहे काय. राहिले असल्यास ते करून मागावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत, केवळ विचारावे लागते.

ही गोष्ट मी खानदेशातील आपल्या नातेवाइकांसाठी विशेष आग्रहाने सांगतो. समुद्रकाठी दहा-बारा वर्षे राबलेली गाडी स्वस्त मिळते, रंगही ताजा असतो आणि नवापूर ओलांडून ती गावी जाते. कोरड्या हवेत गेल्याने आतला गंज बरा होत नाही. तेव्हा सौदा ठरविण्यापूर्वी गाडी जॅकवर वा खड्ड्यावर चढवावी, चासीवर छोट्या हातोडीने टकटक करून आवाज ऐकावा. निरोगी पोलाद खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते आणि तेव्हा योग्यतेची तपासणी होते, परंतु तोवर वाट पाहणे धोक्याचे आहे. जेथे कणाच गेला असेल तेथे मोह आवरावा आणि ती गाडी अधिकृत भंगार केंद्राकडे जाऊ द्यावी.

अधिकारी वर्गासही दोन शब्द सांगावेसे वाटतात. किनाऱ्यावरील शासकीय कार्यालयांच्या जीपगाड्यांनाही हाच वारा लागतो. त्यांच्या नोंदवहीत इंधन व किलोमीटर यांबरोबर खालच्या भागाची तपासणी आणि परत बोलावणीची चौकशी यांसाठी एकेक रकाना असावा. लिलावात निघणाऱ्या गाडीबरोबर ही नोंद गेली तर घेणाऱ्या गरिबाची फसगत टळेल. ग्रामपंचायतीच्या फलकावर ही माहिती लागावी. ज्यास तक्रार लिहिता येत नाही त्यास शिक्षकांनी लिहून द्यावी. ग्राहक साहाय्यतेसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तोही सर्वांस ठाऊक असावा.

मित्रहो, निसर्गाने केलेली झीज मालकाने भरून काढावी आणि कारखान्याने ठेवलेला दोष कारखानदाराने दूर करावा, हा साधा न्याय आहे. पहिल्यासाठी पाण्याची बादली आणि जागरूक नजर हवी, दुसऱ्यासाठी चासी क्रमांक आणि लेखी अर्ज. या दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या हातातल्या आहेत. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या गाडीखाली एकदा दिवा धरून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.