रविवारी अकराचा फोन



मुलं पुण्याला, नाहीतर परदेशात.
घरी आजी एकट्याच.
दिवसभर टीव्ही बोलतो, त्या ऐकतात.

अशा एखाद्या ओळखीच्या आजींना
आठवड्यातून एकदा फोन कराल?
वार ठरवा. वेळ ठरवा, समजा रविवारी अकरा.
आणि ती पाळा.

‘गोळ्या घेतल्या का?’ हे शेवटी विचारा.
आधी विचारा,
यंदा लोणचं घातलं का? कैऱ्या कुठून आणल्या?
मग ऐका. मध्ये बोलू नका.
सल्ले तर नकोतच. ते मुलं देतात!
बँकेचा, पैशांचा विषय कधीच काढू नका.

काही अडचण जाणवली,
तर ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन आहे. 14567.
एक, चार, पाच, सहा, सात.
फोन मोफत.
सकाळी आठ ते रात्री आठ.

पुन्हा सांगते.
वार तोच, वेळ तीच.
एखाद्या रविवारी जमणार नसेल,
तर शनिवारीच तसं कळवा.