आकाशवाणीवरील गाणे आणि वऱ्हाडातील मूल
(व्याख्यानाचा मजकूर)



पहिल्या इयत्तेत नाव घातलेले मूल अक्षरांच्या बाबतीत कोरे असते. कानांच्या बाबतीत मात्र ते कोरे नसते. शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी पाच-सहा वर्षे त्याने पुष्कळ काही ऐकलेले असते. आजीच्या तोंडची ओवी, भजनी मंडळाचा टाळमृदंग, पहाटेचा वासुदेव, लग्नातला वाजंत्री ताफा, भुलाबाईची गाणी, हे सारे घेऊनच ते पाटीसमोर बसते. या ऐकलेल्या भांडवलाची विचारपूस शाळेत क्वचितच होते. आकाशवाणीवरून मुलांसाठी व कुटुंबासाठी होणाऱ्या गाण्यांचा विचार करताना प्रथम ही गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. कारण रेडिओ हा या भांडवलात पडलेली नवी भर होय, त्याची जागा घेणारा वारसदार नव्हे.

मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले, तरी वऱ्हाडाला आपले म्हणता येईल असे केंद्र मिळावयास एकवीस वर्षे लागली. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्राचे उद्घाटन झाले. ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ५१२ मीटर, ही त्याची मध्यम लहर होय. मध्यम लहरींचा स्वभाव असा की, दिवसा त्या जमिनीच्या आधाराने चालतात आणि दूर जाता जाता क्षीण होतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून त्या परावर्तित होतात व दूरदूरच्या गावी उतरतात. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडील घरांत दिवसाचा सोबती नागपूर, आणि रात्री मात्र मुंबई-पुणेच काय, सिलोनसुद्धा खरखरत का होईना, हजेरी लावून जाई. बांबूला बांधलेली एरियलची तार, जड बॅटरी, आणि ग्रामपंचायतीच्या पडवीत संचाभोवती जमलेली मंडळी, हे दृश्य ट्रान्झिस्टर येईपर्यंत गावोगाव होते. संच एक आणि ऐकणारे अनेक, ही त्या काळची अडचण होती. परंतु तीच त्या काळची श्रीमंतीही होती. मुलांना मोठ्यांचे ऐकावे लागे आणि मोठ्यांना मुलांचे.

एकत्र ऐकणे म्हणजे काय, याचे मराठीतील सर्वांत ठसठशीत उदाहरण पुणे केंद्राने घालून दिले. ते केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, ग. दि. माडगूळकर यांच्या शब्दांतून आणि सुधीर फडके यांच्या स्वरांतून साकार झालेल्या गीतरामायणाचे पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, ध्वनिक्षेपित झाले. आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. त्या वर्षी अधिक मास आला होता, म्हणून बावन्नावर थांबता आले नाही. पुढील रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, मालिका चालली. संचाला हार घालून व उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत असे सांगतात. शिक्षकाने येथे भक्तीपेक्षा आणखी एका गोष्टीकडे पाहावे. गीत एक, आणि मध्ये आठवडाभराची वाट. त्या आठवड्यात घरातील आजी पुढची कथा सांगून टाकी, मुलगा चाल गुणगुणे, बाप शब्द चुकवी आणि मुलगी तो दुरुस्त करी. गाणे ऐकण्याइतकेच महत्त्वाचे काम त्या मधल्या सहा दिवसांत होत असे.

या गीतांत ज्यांचा आवाज होता त्यांपैकी एक गायक वऱ्हाडचे होते, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची शकुंतला गाडी जेथून सुटत असे, तेच हे मूर्तिजापूर. आईने त्यांना नागपुरास वाढविले. शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण झाले. भालजी पेंढारकरांनी या मुलाचे गाणे हेरून १९३५ च्या ‘कालिया मर्दन’ बोलपटात त्याला कृष्णाची भूमिका दिली. पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात दीर्घकाळ कारकुनी करीत करीत त्यांनी गाणे जपले. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील खाँसाहेबांनी त्यांना घराघरांत नेले. पाचवीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला मूर्तिजापूर जंक्शन आले की हे सांगावयास हरकत नाही. कापसाच्या गाठी आणि रुळ यांखेरीज त्या गावाने आणखीही काही बाहेर पाठविले आहे.

मुलांच्या कार्यक्रमांचे एक वैशिष्ट्य म्हणजे नाती. पुणे केंद्रावरील ‘बालोद्यान’मध्ये गोपीनाथ तळवलकर ‘नाना’ होऊन मुलांशी बोलत. न पाहिलेला माणूस अशा रीतीने घरातला होतो. इंग्लंडमध्ये बी. बी. सी. ने १९५० साली अगदी लहान मुलांसाठी गाणी व गोष्टींचा पाव तासाचा एक कार्यक्रम सुरू केला. तो १९८२ पर्यंत चालला. त्याच्या नावातच ‘आईबरोबर ऐका’ अशी सूचना होती आणि वेळ होती दुपारची पावणेदोनची. जेवण आटोपलेली आई मांडीवर मूल घेऊन बसली आहे, असे गृहीत धरून ती वेळ ठरलेली होती. वऱ्हाडातील आई त्या वेळी निंदणाला किंवा कापूस वेचावयास गेलेली असते आणि मूल धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असते. कार्यक्रमाची वेळ ही तांत्रिक बाब वाटते. परंतु कोणाच्या घराचा विचार करून ती ठरविली गेली, हे तीवरून कळते. वऱ्हाडातील कुटुंब एकत्र सापडते ते दिवेलागणीनंतर. शिक्षकाने घरी ऐकण्यासाठी काही सुचवावयाचे असेल तर याच वेळेचे सुचवावे, आणि वेचणीच्या दिवसांत तेही सुचवू नये.

आता भाषेचा प्रश्न. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण येथेच मुलाला लागते.

आकाशवाणीवरील गाणे प्रमाण मराठीत असते. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा हा ‘डोया’ होतो, काळा हा ‘काया’, केळी ‘केयी’. मूल गाणे ऐकते, आनंदाने म्हणू लागते, आणि म्हणता म्हणता कावळ्याचा ‘कावया’ करते. वर्गात हशा पिकतो. कधी कधी त्या हशात शिक्षकही सामील होतात, आणि ते मूल त्या दिवसापासून गाणे सोडून ओठ हलविण्याचे शिकते. समूहगानात ओठ हलविणारी पण आवाज न काढणारी मुले प्रत्येक शाळेत आहेत. त्यांना सूर नसतो असे समजण्याची घाई होऊ नये. त्यांतल्या काहींना फक्त एक हशा आठवत असतो.

याचा अर्थ ‘ळ’ शिकवू नये असा नव्हे. उलट ‘ळ’ शिकविण्यास गाण्यासारखे दुसरे साधन नाही. वाचनात चुकलेला वर्ण थांबवून दुरुस्त करावा लागतो. गाण्यात तो लयीबरोबर वाहत येतो आणि दहा वेळा कानावर पडला की जीभ आपोआप टाळूकडे वळते. अट एकच, दुरुस्ती गाण्याच्या मध्ये होऊ नये. शिक्षकाने स्वतः स्पष्ट म्हणावे, पुन्हा म्हणावे आणि मुलाला त्याच्या गतीने येऊ द्यावे. मूल घरी ‘माय, डोये झाक’ म्हणते आणि शाळेत ‘डोळे’ म्हणते, यात काहीच बिघडत नाही. दोन विहिरींचे पाणी पिणाऱ्याला तहान कमी लागत नाही, पण तो एका विहिरीवर अडतही नाही.

वऱ्हाडी बोली यंत्रातून शोभत नाही, असा एक समज सुशिक्षितांत आहे. त्यावर गाडगेबाबांचे उदाहरण पुरेसे आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेल्या या संताचे मुंबईत वांद्रे येथे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर दीड महिन्याने, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. श्रोत्यांना प्रश्न विचारावयाचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे आणि त्या उत्तरावर पुढची पायरी बांधावयाची, ही त्यांची रीत होती. ही रीत अध्यापन महाविद्यालयातील कोणत्याही पाठ-टिपणीला लाजवील अशी आहे. आणि भाषा? ती अस्सल वऱ्हाडीच. मोठ्या वर्गांतील मुलांना हे ध्वनिमुद्रण ऐकवावे. आपल्या घरातील बोली यंत्रातून येते, आणि शहरातील माणसे ती तल्लीन होऊन ऐकतात व उत्तरे देतात, हे मुलाने एकदा कानांनी अनुभवले की पुढची पुष्कळ समजावणी वाचते. यावलीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी तर गावोगावच्या प्रार्थनेत अजून वाजते आहे. तेथे वेगळे सांगावयास नको.

खरे पाहता घरातील गाणे हा या प्रांताचा फार जुना ठेवा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने महदाइसेने धवळे रचिले. रुक्मिणी आणि कृष्ण यांच्या विवाहाची ती गाणी होत. मराठीतील आद्य कवयित्रीची ही रचना लग्नघरात म्हणण्यासाठी झालेली आहे. ज्या रुक्मिणीचे माहेर म्हणून वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर परंपरेने ओळखले जाते, तिच्याच लग्नाची गाणी तेथून काही कोसांवर रचली गेली, हा योग मुलांना सांगण्यासारखा आहे. आणि आजही भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोबा मांडतात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. घरे मात्र दर वर्षी थोडी कमी होत आहेत. ज्या मुली वर्गात कविता पाठ होत नाही म्हणून उभ्या राहतात, त्यांना भुलाबाईची वीस-वीस गाणी अडखळल्याविना येतात. स्मरणशक्ती कोठे गेली, हा प्रश्न तेथे उरत नाही. ती कोठे आनंदाने राहते, एवढेच दिसते.

चित्रपटगीतांविषयी शिक्षकांची तक्रार जुनी आहे. १९५२ नंतर काही काळ आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, तेव्हा लोकांनी गाणी सोडली नाहीत. सिलोनकडे काटा फिरविला. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. बंदीने कान वळत नाहीत, हा धडा त्यातून घ्यावा. शिवाय चांगल्या बालगीताने चित्रपटाचे वावडे मानलेले नाही. मोराचे जे गाणे आज प्रत्येक बालवाडीत नाचून म्हटले जाते, ते १९५३ च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील, माडगूळकरांच्या शब्दांचे, पु. ल. देशपांड्यांच्या चालीचे आणि आशा भोसले यांच्या आवाजातील आहे.

आता परिस्थिती पालटली आहे. अकोला व अमरावती येथे आकाशवाणीची स्वतःची केंद्रे झाली. मोबाइलवरही केंद्रे ऐकता येतात. गाण्याची वाण राहिलेली नाही. वाण आली आहे ती सोबतीची. मोबाइल मुलाच्या हातात असतो, गाणे त्याच्या एकट्याच्या कानात असते, आणि एक संपण्यापूर्वी बोट दुसऱ्याकडे गेलेले असते. गीतरामायणाच्या मधले सहा दिवस त्यात कोठेच नाहीत. ते परत आणणे यंत्राच्या हाती नाही. शाळेच्या मात्र थोडेफार हाती आहे. आठवड्यास एकच गाणे घ्यावे. सोमवारी ते फक्त ऐकावे, त्यावर प्रश्न विचारू नयेत, अर्थ सांगू नये. मंगळवारी चाल, बुधवारी शब्द. गुरुवारी मुलांना सांगावे की, हे गाणे घरी म्हणून दाखवा आणि घरातून एक गाणे घेऊन या. शुक्रवारी जे येईल ते ऐकावे. कोणाच्या आजीची ओवी येईल, कोणाच्या काकाचे भजन येईल, एखादा मुलगा रिकाम्या हातांनी येईल. त्याला काहीही बोलू नये; पुढच्या शुक्रवारी तो बहुधा काहीतरी घेऊन येतो.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून त्यांनी ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. तेवढा मोठा उद्योग प्रत्येकाकडून होणार नाही. परंतु शुक्रवारी आलेली गाणी एका जाड वहीत उतरवून ठेवता येतील. गाणे जसे म्हटले तसेच लिहावे, ‘डोये’ असेल तर ‘डोये’च. पुढे म्हणणाऱ्या आजीचे नाते, तिचे माहेरचे गाव आणि ते गाणे कोणत्या कामाच्या वेळी म्हणत असत, एवढे टिपावे. वही शाळेच्या कपाटात कुलुपात न ठेवता वर्गाच्या खुंटीला अडकवावी. मुले ती मधल्या सुट्टीत उघडतात, आणि आपल्या आजीचे पान शोधतात.